मन्सूरचा झेब्रा

आज डोळ्यांसमोरून मुघल चित्रकार उस्ताद मन्सूरचा झेब्रा हलत नाही. १६२१ सालचं हे चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ॲबिसिनियाहून हा प्राणी बादशहा जहांगीरच्या दरबारात आला, तेव्हा त्याचे पट्टे कुणीतरी रंगवले असावेत असा लोकांना संशय आला. नीट तपासल्यावरच खात्री पटली. जहांगीरनं स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय.

मागे झाड नाही, डोंगर नाही; नुसती फिकट मोकळी जागा आणि म्होरकी घातलेला तो एकटा, एका बाजूनं दिसणारा. मुघल चित्रकार बादशहाची, अमीर-उमरावांची व्यक्तिचित्रं अशीच काढत. म्हणजे परमुलखातून आलेल्या मुक्या जनावराला मन्सूरनं दरबारी मान दिला! मला हे फार मोठं वाटतं. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, रंगाचे थरावर थर, मग अकीकाच्या दगडानं घोटणं. एवढा धीर नुसत्या कौशल्यातून येत नाही, त्या जिवाबद्दल माया लागते.

माझी प्राण्यांची चित्रं घाईनं पूर्ण होतात. उद्या वही घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहे. सांबराचा फक्त कान काढायचा, बाकी काही नाही.