पियानो आणि बाकीचे सगळे

सिल्वासाजवळ वासोण्यात आमच्या घरी संगीत म्हणजे बाबूजी, सुधीर फडके. त्यात आवडीइतकाच गावचा अभिमान होता. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवणाऱ्यांत बाबूजी स्वतः होते, आणि त्या मोहिमेच्या पैशासाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. भावगीतावर वाढलेल्या कानाला एक खात्री असते: अंतरा कितीही लांब जावो, ध्रुवपद परत येतंच.

कॉलेजात असताना मुंबईला एका मित्राच्या खोलीवर ‘मेलोदिया’ची रशियन तबकडी ऐकली. चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना. आधी हॉर्नची हाक, मग व्हायोलिनांची भरजरी चाल, तिच्यावर पियानोचे दणदणीत ठोके. ती चाल परत यायची म्हणून मी तबकडी संपेपर्यंत बसून राहिलो. ती येतच नाही! इतकी देखणी चाल बांधायची आणि सुरुवातीलाच टाकून द्यायची? बाबूजींनी असं केलं नसतं. मला आजही ती उधळपट्टीच वाटते.

बेथोव्हनच्या चौथ्या पियानो कॉन्चर्टोनं मात्र मला धरून ठेवलं. तो प्रत्यक्ष ऐकला मुंबईच्या एनसीपीएत, वापीहून गाडीनं जाऊन. तिथं २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, म्हणून हे सुख आपल्या आवाक्यात. यात पियानोच एकट्यानं, हळूच सुरुवात करतो. १८०८च्या डिसेंबरात व्हिएन्नात गारठलेल्या नाट्यगृहात बेथोव्हन स्वतः तो वाजवायला बसला होता.

खरी गंमत दुसऱ्या भागात. आमच्याकडे वारल्यांच्या नाचात तारपावाला वाजवतो तसा सगळा फेर वळतो. इथे फेर ऐकतच नाही. तंतुवाद्यं एकसुरात दरडावतात, पियानो खालच्या आवाजात उत्तर देतो. त्याच्याकडे मींड नाही, स्वर धरून ठेवायची सोयही नाही. पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनला हवा तेवढा स्वर ताणता येतो. तरी हळूहळू दरडावणंच ओसरतं. तोवर पियानो एकदाही ओरडत नाही. सुरांतला असा वाद मी दुसरीकडे ऐकलेला नाही, जुगलबंदीतही नाही. तिथं शेवटी दोघंही वेग वाढवतात.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर चायकोव्हस्की राहू द्या, ही पाचेक मिनिटं ऐका. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको. त्यात नेमका पियानोच ऐकू येत नाही.