मापात न येणारे आकडे

कापड उभ्या धाग्यात ओढले तर ताठ राहते आणि उरेब ओढले तर सैलावते, हे शिवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. हृदयाच्या स्नायूचेही तसेच आहे, फक्त त्याच्या धाग्याची दिशा ठायीठायी बदलते. स्ट्रीटर आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये कुत्र्याच्या हृदयावर केलेल्या मोजमापात डाव्या जवनिकेच्या भिंतीतले तंतू आतल्या पृष्ठभागाशी एका बाजूला सुमारे 60 अंश कललेले आढळले, आणि बाहेर येईपर्यंत ते वळत वळत जवळजवळ तितकेच उलट दिशेला गेलेले दिसले. शिवाय हा स्नायू थोडा ताणला तर मऊ लागतो आणि अधिक ताणला तर झपाट्याने कडक होतो, कारण त्यातले कोलॅजनचे नागमोडी धागे सरळ होत जातात. जैवयांत्रिकीचे अभ्यासक फुंग यांनी मऊ ऊतींसाठी घातांकी समीकरण रूढ केले ते हे कडक होणे पकडण्यासाठी. अशा पदार्थाचे संगणकीय मॉडेल बांधताना त्यात किती अज्ञात आकडे ठेवायचे, हा माझ्या मते या कामातला सर्वांत जबाबदारीचा निर्णय आहे. माझे उत्तर असे: हाती असलेली मोजमापे जेवढे आकडे ठरवू शकतात, तेवढेच.

यामागचे कारण साधे आहे. एमआरआयमधून आपल्याला जवनिका भरताना तिचा आकार कसा बदलतो ते दिसते. आतला दाब मात्र त्यातून कळत नाही, त्यासाठी कॅथेटर घालावा लागतो. मॉडेलमध्ये स्नायूचा कडकपणा दुप्पट केला आणि दाबही दुप्पट धरला, तर भिंत अगदी तशीच फुगते. म्हणजे नुसत्या चित्रांवरून कडकपणा सांगणे शक्यच नाही. दाब ठाऊक असला तरी अडचण संपत नाही. घातांकी नियमात एक आकडा वाढवून दुसरा कमी केला की मोजलेल्या टप्प्यात जवळपास तोच आलेख मिळतो, आणि त्या टप्प्याबाहेर मात्र दोन्ही वाटा झपाट्याने फाकतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा रक्तदाब वाढल्यावर काय होईल हे डॉक्टरांना हवे असते, ते नेमके त्या बाहेरच्या भागातले. आलेख जुळला एवढ्यावर समाधान मानणारा मॉडेलकार तिथे पेशंटला धोक्यात घालतो.

यावर रास्त आक्षेप येतो की हृदय गुंतागुंतीचे आहे, मग मॉडेल सोपे ठेवणे म्हणजे निसर्ग नाकारणे नव्हे का? पण माझा विरोध गुंतागुंतीला नाही, पुराव्याविना आणलेल्या गुंतागुंतीला आहे. पुरावा असलेल्या गुंतागुंतीचे उदाहरण घ्या. हृदय आकुंचन पावताना स्नायूपेशी सुमारे 15 टक्के आखडते, त्यामुळे तिची जाडी जेमतेम 8 टक्के वाढते. भिंत मात्र 40 टक्क्यांच्या आसपास जाड होते. 1995 मध्ये ऑकलंडच्या ल'ग्रीस आणि सहकाऱ्यांनी सुमारे चार पेशी जाडीचे थर दाखवले, आणि हे थर एकमेकांवर सरकतात असे धरल्याशिवाय हा फरक समजावता येत नाही. 2002 मध्ये डोकोस आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या हृदयाचे लहान ठोकळे सहा प्रकारे कातरताणाखाली तपासले आणि थरांची दिशा यांत्रिकदृष्ट्याही वेगळी वागते हे मोजून दाखवले. 2009 मध्ये होल्झाफेल आणि ऑग्डेन यांनी मांडलेल्या नियमात आठ स्थिरांक आहेत, ते याच प्रकारच्या प्रयोगांच्या आधारावर. प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यापाशी हे आठही आकडे शोभतात. पण जिवंत पेशंटच्या एका चित्रमालिकेतून ते आठही काढल्याचा दावा करू नये.

दुसरा आक्षेप असा की संगणक आता बलाढ्य आहेत, गणितासाठी हृदयाची ज्या लहान घटकांत विभागणी करतात ती जाळी हवी तितकी बारीक करा म्हणजे उत्तर सुधारेल. बारीक जाळीने समीकरण नीट सुटते, पण समीकरणात नसलेली गोष्ट तिच्यातून उगवत नाही. 1990 मध्ये ओमेन्स आणि फुंग यांनी उंदराच्या डाव्या जवनिकेचे कडे एका जागी कापले आणि ते आपसूक उघडले. म्हणजे दाब शून्य असतानाही भिंतीत ताण साठलेला असतो. तो वगळून केलेला हिशेब लाखो घटकांवर केला तरी चुकलेलाच राहतो.

म्हणून प्रत्येक निकालासोबत कोणता आकडा पेशंटकडून मोजला, कोणता आधीच्या संशोधनातून उसना घेतला आणि त्याची मर्यादा किती, हे लिहावे. एका आकड्याऐवजी शक्य मूल्यांचा पट्टा द्यावा. रुंद पट्टा पाहून डॉक्टरांना कॅथेटरने दाब मोजावासा वाटला, तर मॉडेलने आपले काम केले.