तेलाची पातळी कव्हर ठरवत नाही

माझी जीप २००४ सालची रँग्लर टीजे. राहतो डेन्व्हरला, त्यामुळे उन्हाळ्यात तिला कोलोरॅडोच्या खिंडी आणि वसंतात युटामधल्या मोॲबचे खडक नेहमीचे. या खडकांवरून उतरताना मार बसतो तो मागच्या डिफरन्शियलला. कंपनीचं कव्हर पातळ पत्र्याचं असतं. दगडाची कड त्याच्या खालच्या काठात अडकली की पत्रा आत दबतो. कधी आतल्या क्राउन गिअरला घासतो, कधी तेल गळायला लागतं. म्हणून मी बाजारातलं जाड, ओतीव लोखंडाचं कव्हर आणलं.

कव्हर बदलायला फार अक्कल लागत नाही. दहा बोल्ट काढायचे, तेल सोडायचं, हौसिंगचा काठ स्वच्छ पुसायचा, सिलिकॉन लावायचं, बोल्ट समोरासमोरचे घेत आवळायचे. माझ्या ॲक्सलला कंपनी ४१ न्यूटन-मीटर सांगते. तेल भरण्याआधी मागची दोन्ही चाकं घोडीवर अधांतरी ठेवून हाताने फिरवली. क्राउन आतून नव्या कव्हरला कुठे लागत नाही याची खात्री झाली आणि सिलिकॉन पक्कं व्हायला रात्रभर गाडी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मदतीला आलेला मित्र म्हणाला, "अरे, भर तेल. फिलरच्या भोकातून ओघळायला लागलं की थांब." कंपनीच्या कव्हरसाठी आपण सगळे हेच करत आलो आहोत. पण नवं कव्हर जुन्याच्या शेजारी धरलं तर त्याचं भोक चांगलं बोटभर वर होतं. ते तिथे का, तर खडकापासून प्लग लांब राहावा म्हणून. ओघळेपर्यंत भरलं असतं तर तेल जास्त झालं असतं. जास्त तेल क्राउन घुसळतो, त्याला फेस येतो, ते तापतं आणि ब्रीदरमधून बाहेर पडतं. ॲक्सलच्या नळ्यांतून टोकाच्या सीलपर्यंत पोचलं तर मागच्या ब्रेकमध्येही उतरतं.

मग मोजून भरावं का? मॅन्युअलमध्ये माझ्या डाना ४४ ॲक्सलसाठी १.९ लिटर लिहिलंय. पण नव्या कव्हरच्या पोटात जागा जास्त. तेवढंच तेल ओतलं तर पातळी खाली राहते.

त्यात माझी गाडी चार इंच उचललेली. ड्राइव्हशाफ्टचा कोन सांभाळायला पिनियनचं नाक वर केलेलं आहे. ॲक्सल असा फिरवला की मागची बाजू, म्हणजे कव्हर आणि त्याचं भोक, खाली जातं आणि पुढचं पिनियन बेअरिंग वर जातं. त्या बेअरिंगला तेल मिळतं ते क्राउन फिरताना उडवतो तेवढंच. म्हणजे उचललेल्या गाडीत जुन्या कव्हरच्या भोकापर्यंत भरलं तरी ते बेअरिंग उपाशी राहू शकतं.

मग मोजमाप ॲक्सलच्या नळीवरून घेतलं, कारण कव्हर कुठलंही लावा, ती जागची हलत नाही. जुन्या कव्हरवर मधल्या आडव्या रेषेपासून भोकाची खालची कड किती खाली आहे ते मोजलं. गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी केली. नळीच्या मध्यापासून तेवढंच अंतर खाली घेऊन नव्या कव्हरवर बाहेरून चिकटपट्टी लावली. पिनियन वर असल्यामुळे ती रेषा अर्धा सेंटिमीटर वर सरकवली. भोक या रेषेच्या वरच होतं, म्हणून तारेचा काटकोनी आकडा करून आत सोडला आणि तार किती भिजते ते बघत बघत ७५ डब्ल्यू-९० ओतलं. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला नव्वद नंबर म्हणतात, त्याच कुळातलं हे तेल. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याचं वेगळं ॲडिटिव्ह घालायला विसरू नये.

एवढ्यावर थांबून चालत नाही. गाडी थोडी फिरवून आणली, तेल खाली बसू दिलं आणि पुन्हा तार घातली. काही तेल नळ्यांत पसरलं होतं, पातळी उतरली होती. तेवढं वरून घातलं. मग ब्रीदरची नळी मोकळी आहे ना, चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही ना, ते पाहिलं. ओढा पार केलेला असेल तर तेल दुधाळ झालंय का हेही त्याच वेळी बघावं.

काही कव्हरांना डिपस्टिक असते. ती सोयीची आहे, पण तिच्या खुणा न फिरवलेल्या ॲक्सलसाठी असतात. गाडी उचललेली असेल तर पहिल्यांदा नळीवरून मोजा आणि डिपस्टिकवर आपली खूण स्वतः करा. एका दुपारचं काम आहे. ते टाळलं तर क्राउन-पिनियन बदलायची पाळी येते आणि त्याचा खर्च कव्हरच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.