खराडीच्या वाऱ्यावरच्या घारी

पुण्याच्या पूर्व टोकाला, मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या खराडीत आता काचेच्या उंच इमारतींची रांग लागली आहे. त्यांचा फायदा घारींना बरोबर उमगला आहे. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा भिंतीवर आदळून वर चढतो आणि घार त्यावर पंख न हलवता तरंगते. वळायचे झाले की दुभंगलेली शेपटी जराशी पिळायची, बस्स! उन्हाळ्यात तर काम आणखी सोपे. तापलेल्या काँक्रीटवरून उठणाऱ्या गरम हवेत घिरट्या घालत ती उंच उंच जाते.

खाली नदीवरचे बगळे मात्र वारा समोरून असला की पाण्यालगत उडतात, कारण तिथे त्याचा जोर कमी असतो. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांचा उल्लेख आहे. मुलांना तो इथे पुलावर उभे राहून डोळ्यांनी दाखवता येतो.

संक्रांतीच्या दिवसांत मात्र याच वाऱ्यावर पतंग चढतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर, तारांवर लोंबकळतो आणि तरंगणाऱ्या घारीचा पंख कापतो. पतंग साध्या सुती दोऱ्यावरही उडतो. गच्चीवर अडकलेला मांजा दिसला, तर बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावा.