कावीळ झालेला मासा

2021 च्या पावसाळ्यात मुलाने घरात तीन फुटी टँक आणला. सव्वाशे लिटरचा. चार महिन्यांनी त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि टँक माझ्याकडे राहिला. मला मासे फक्त बाजारातले माहीत होते.

टँकमध्ये चौदा मासे होते. दुकानात त्यांच्या काचेवर ‘आफ्रिकन मिक्स’ एवढंच लिहिलेलं. सहा निळे, पाच पिवळे, तीन बदामी रंगाचे. सगळे दीड इंचाचे आणि गुण्यागोविंदाने पोहणारे. “काकू, सगळे सिक्लिडच आहेत, एकत्र राहतात,” असं दुकानदार म्हणाला होता. ते खरं नव्हतं, पण आम्हीही पुढे काही विचारलं नव्हतं.

पहिली चूक माझ्या मायेची. कोरडे दाणे काय खाणार बिचारे, म्हणून मी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, आणले आणि रोज घालायला लागले. मासे तुटून पडायचे. मला बरं वाटायचं. तीन आठवड्यांनी दोन निळ्यांची पोटं फुगली. खाणं बंद, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी. औषध घातलं, पण चार दिवसांत दोन्ही गेले. पिवळ्यांना मात्र काहीच झालं नाही.

कारण नंतर कळलं. निळे होते केनयी. मलावी सरोवरात खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांची आतडी लांब असतात, मांसाचा मारा त्यांना झेपत नाही. पिवळे होते येलो लॅब. तेही त्याच सरोवरातले, पण खडकांतले किडे, गोगलगायी टिपून खाणारे. मी सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं होतं. तेव्हापासून स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. ब्लडवर्म बंद.

मग पाणी. पुण्यात नळाला खडकवासल्याचं मऊ पाणी येतं. या माशांना जड, खारट नव्हे पण क्षारांचं पाणी लागतं. पीएच आठच्या आसपास. माझ्या टँकमधला पीएच किटवर 6.8 निघाला. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा ठेवला. हळूहळू पीएच 7.8 वर आला आणि तिथेच राहिला. सोड्याबिड्याने एका दिवसात वाढवू नका. पीएच चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी एक निळा मासा पिवळा पडायला लागला. आधी पर, मग पोट, मग सगळाच. मला वाटलं कावीळ झाली. हसू नका, माशांना होत असेल असंच वाटलं. मी त्याला बादलीत काढलं, एअरपंप लावला, निळं औषध घातलं. आठ दिवस रोज पाणी बदललं. गंमत म्हणजे त्या आठ दिवसांत टँक एकदम शांत होता. ते माझ्या लक्षात आलं, पण कारण कळलं नाही.

परत सोडल्यावर दोन दिवस तो कोपऱ्यात बसला. तिसऱ्या दिवशी मधला मोठा दगड त्याने ताब्यात घेतला. आठवड्यात दोन निळे आणि एक बदामी मासा मेला. कल्ले फाटलेले, शेपटी कुरतडलेली. मी फोटो पाठवला. मुलाचं उत्तर आलं, “आई, तो आजारी नाही. तो नर आहे.”

केनयीची मादी निळी राहते, नर वयात आला की पिवळा होतो. तीन फुटांत त्याने आपलं राज्य मांडलं होतं आणि मी त्याची आठ दिवस सेवा केली होती.

तो आणि उरलेली एक मादी दुकानात परत दिली. पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत.

बदामी दोन उरले होते. ते ब्रिचार्डी. मलावीतले नव्हेतच, शेकडो किलोमीटर लांबच्या टांगानिका सरोवरातले. त्यांना जुन्याच टँकमध्ये ठेवलं आणि पिवळ्यांसाठी चार फुटी, अडीचशे लिटरचा टँक घेतला. या वेळी दगड आधी काचेवर बसवले, मग रेती ओतली. हे मासे रेती उकरतात. जुन्या टँकमध्ये रेतीवर ठेवलेला दगड रात्री दोनला धाडकन पडला होता. काचेचा टवका उडाला, फुटली नाही एवढंच नशीब. पिवळ्यांच्या सोबतीला आठ ॲसेई आणले. जांभळट निळे, शेपटी पिवळी, स्वभावाने बरे. दर रविवारी पाव टँक पाणी बदलते. पिंप आदल्या रात्री भरून ठेवते, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

पुढच्या उन्हाळ्यात एका पिवळ्या मादीने खाणं सोडलं. हनुवटी सुजलेली. हात शिवशिवले, पण बादली आणली नाही. तिच्या तोंडात अंडी होती. जवळजवळ तीन आठवडे ती उपाशी राहिली. मग दगडांच्या फटीत अकरा पिल्लं दिसली.

तिकडे ब्रिचार्डीही जोडी निघाली. त्यांची मोठी पिल्लं धाकट्यांची राखण करतात. मी हात घातला तर बोटाला चावायला येतात. तो टँक मी सर्वांत जास्त बघत बसते.

येलो लॅबची पिल्लं आता जास्त झाली आहेत. सोसायटीत कोणी मागितली तर फुकट देते. फक्त टँक किती फुटी आहे आणि त्यात आधीपासून कोण आहे, त्याचं नाव विचारते. ‘आफ्रिकन’ असं उत्तर आलं तर देत नाही.