येणे बाकी

आमच्या रत्नागिरीच्या खो-खो मंडळाच्या ताळेबंदात ‘सभासदांकडून येणे वर्गणी’ ही ओळ नाही, असं वर्ष मी पाहिलेलं नाही. बाबा खजिनदार होते तेव्हाही ती होती, आज माझ्याकडे ते काम आहे तरीही आहे. रक्कम बदलत गेली, नावं बदलली, एखाद्या नावाच्या जागी त्याच घरातल्या पुढच्या पिढीचं नाव आलं. हिशेबतपासनीस दर वर्षी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि विचारतात, “ताई, जुनी येणी निर्लेखित करून टाकायची का?” मी नाही म्हणते. ते काही न बोलता पान उलटतात.

बाबा दिवसा एका वकिलांकडे कारकून होते. महिन्याची वर्गणी तेव्हा दोन रुपये. संध्याकाळी पावतीपुस्तक कापडी पिशवीत घालून ते टिळक आळीतून निघत, खाली मांडवीपर्यंत जात. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर असे. त्यांचे नियम ठरलेले होते. जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात जायचं नाही. सणाच्या आदल्या दिवशी मागायचं नाही. घरात कुणी आजारी असेल तर चौकशी करून परत फिरायचं, पाहुणे असतील तर वर्गणीचा विषयच काढायचा नाही. आणि पैसे हातात पडले की तिथेच ओटीवर टेकून, कार्बन घालून, अक्षरी रकमेसकट पावती फाडायची. ‘पावती उद्या पाठवतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ज्याच्याकडे पावती आहे तो सभेला येतो आणि विचारतो, असं ते म्हणत. पावती न देता पैसे घेतले तर त्याचा विचारायचा हक्कच आपण काढून घेतला. माझंही मत तेच आहे, आणि क्यूआर कोडवर पैसे येऊ लागले तरी प्रत्येकाच्या नावाची पावती मी हाताने लिहून देते.

खो-खो हा बिनखर्चाचा खेळ, असं लोक सहज बोलून जातात. खेळायला साहित्य लागत नाही हे खरं. पण आमचं मैदान जांभ्याच्या मातीचं. पाऊस गेला की गवत काढायचं, खडे वेचायचे, पाणी मारून रोलर फिरवायचा, मग कुठे पाट्या आखता येतात. आखणीच्या फक्कीची गोणी बघता बघता संपते. लाकडी खांब पावसाळ्याआधी उपटून आत ठेवले नाहीत तर बुंध्याशी कुजतात. सूर मारणाऱ्या मुलींचे गुडघे आणि कोपरं हंगामभर सोललेली असतात, त्यामुळे औषधांचा खर्च ठरलेला. त्यावर जिल्हा संघटनेची संलग्नता, स्पर्धांची प्रवेश फी, पंचांचं मानधन.

आणि प्रवास. आम्ही खेळायचो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. मुंबई-पुण्याच्या स्पर्धेला जायचं तर रात्रीची एसटी. बारा मुली, मार्गदर्शक आणि सोबतीला कुणाची तरी आई, इतक्यांची तिकिटं. संघाची तयारी कितीही चांगली असो, जायचं की नाही हे हातातली शिल्लक बघून ठरायचं. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या जमाखर्चात प्रवासाचा आकडा झपाट्याने उतरला. त्या वर्षी आम्ही दोन स्पर्धा जास्त खेळलो. सरकारी निर्णयांबद्दल कोण काय म्हणतं ते मी ऐकत असते; या निर्णयाचं मोल मला माझ्या कीर्दीत दिसलं आहे.

या खेळाची नियमावली कुणा सरकारने लिहिली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, आणि सभासदांच्या जोरावर उभ्या असलेल्या अशा संस्थांनीच हा खेळ पुढे नेला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार यांच्यासारख्या आमच्या रत्नागिरीच्या मुलींनी महाराष्ट्राची जर्सी घालून नाव मिळवलं. विश्वचषकाची अंतिम लढत आम्ही मंडळाच्या खोलीत दाटीवाटीने पाहिली. एकेका मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी फक्की आणायची होती, तिचे पैसे मात्र वर्गणीतूनच आले. ते तसेच येत राहणार आहेत.

आता येणे बाकीकडे वळते. ती बाकी बेफिकिरीतून राहते असं बाहेरच्याला वाटतं. रत्नागिरीत पैसा कधी हातात येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला तसं वाटणार नाही. आपलं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या वेळी आंबेवाला वर्षातला सगळ्यात कोरडा असतो. ऑक्टोबरपासून फवारणी, राखण, मजुरी यांत पैसा ओतलेला, आणि वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी येऊ लागते ती एप्रिल-मेमध्ये. मच्छीमारांचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे एप्रिलपासूनच ते हात आखडून खर्च करतात, बंदीत जाळी आणि होडीची दुरुस्ती निघते, आणि ऑगस्टमध्ये दर्यावर गेल्यावर आधी उसनवारी फिटते. “ताई, गणपती झाले की देत्ये,” असं मच्छीमारांच्या राजिवड्यातली एखादी आई सांगते तेव्हा ती टाळत नसते. तारीख देत असते. आणि त्या तारखेला पैसे येतात. बाबांच्या वहीत प्रत्येक नावापुढे समासात बारीक अक्षरात ‘गणपती’, ‘शिमगा’, ‘पट्टी’ अशी नोंद असे. मी तीच पद्धत चालू ठेवली आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सबंध मंडळच त्या ओळीत गेलं. त्या वर्षीची यादी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यातली बरीच नावं पुढे फिटली, काही फिटली नाहीत. न फिटलेल्यांतल्या दोघांच्या मुली आज संघात खेळतात.

अडचण येते ती कायद्यात. आमचं मंडळ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेलं आहे. त्या कायद्याचं १५वं कलम सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही. तो सभासदांच्या गणतीतही धरला जात नाही. कलम चुकीचं नाही. फुकट्यांच्या हाती संस्था जाऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण आमची वर्षाची वर्गणी १ एप्रिलला देय होते, तीन महिने ३० जूनला संपतात आणि वार्षिक सभा ऑगस्टमध्ये असते. मुली अठराच्या आतल्या, म्हणून सभासद त्यांचे आईवडील. मच्छीमारांचे पैसे तर येतात गणपतीनंतर. म्हणजे ज्या मुली सगळ्यात वेगाने धावतात, त्यांच्याच आया सभेत मागच्या रांगेत बसून नुसत्या ऐकतात. प्रशिक्षण कुठल्या वेळी घ्यायचं, संघाबरोबर कुणाला पाठवायचं, हे ठरवताना त्यांचा हात वर होऊ शकत नाही.

मधे एक वर्ष असं आलं की एका व्यावसायिकाने सगळा खर्च उचलला. जर्सीवर त्याचं नाव आलं, वर्गणी माफ झाली. मुलींना चांगले बूट मिळाले, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्या वर्षीच्या सभेला मात्र गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासाने तहकूब सभा भरवून हिशेब वाचला, एकही प्रश्न आला नाही. पुढच्या वर्षी मदत थांबली, तेव्हा घरोघर जाऊन मोडलेली सवय पुन्हा लावायला दोन हंगाम गेले. तेव्हापासून देणगी येवो वा न येवो, वर्गणी बंद करायची नाही, या मतावर मी ठाम आहे.

येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे. हिशेबाचं वर्ष आहे तेच राहू दे, पण वर्गणीचं वर्ष १ ऑक्टोबरपासून धरावं. गणपती झालेले असतात, होड्या दोन महिने दर्यावर असतात, मच्छीमारांच्या घरून डिसेंबरच्या आत पैसे येतील. आंबेवाल्यांची बाकी जानेवारीत दिसेल, पण मेमध्ये पट्टी आली की फिटेल आणि ऑगस्टच्या सभेत त्यांचाही हात वर होईल. नियमावलीत दुरुस्ती होणार, म्हणून सभेची मंजुरी घेऊन धर्मादाय कार्यालयात कागद द्यावे लागतील. हिशेबतपासनिसांना दोन निरनिराळी वर्षं सांभाळावी लागतील; त्यांच्यासाठी महिनावार तक्ता मी तयार केला आहे. सभेची नोटीस या आठवड्यात निघेल. राजिवड्यातल्या घरांना ती मी स्वतः नेऊन देणार आहे, संध्याकाळी, जेवणाच्या वेळेआधी.