कोपराशी बसलेला

विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या बाहेरच्या कोपराशी एक छोटं खोकं असतं. त्याला दोन झडपा, आणि झडपांच्या मधून बाहेर डोकावणारे दोन लाल चिमटे. आत जो राहतो त्याची तुमच्याशी ओळख करून द्यायची आहे. हा वैमानिकाचा ऑक्सिजन मास्क. हवाई सुंदरी हात वर करून दाखवते तो पिवळा कप वेगळा. तो प्रवाशांचा, छतात राहणारा, स्वभावानं साधा. हा मात्र मानी आहे. त्याला स्वतःचं घर लागतं, स्वतःची बाटली लागते आणि उड्डाणाआधी कोणीतरी येऊन विचारपूस केलेली लागते.

मंगरूळपीरकरांनी त्याला पाहिलं नसलं, तरी तो गावावरून जा-ये करत असतो. नकाशावर नागपूर ते मुंबई सरळ रेघ ओढली, तर मंगरूळपीर त्या रेघेच्या अगदी जवळ येतं. बिरबलनाथांच्या मंदिरापाशी किंवा दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यापाशी उभं राहून वर पाहिलं, की निळ्यावर जी पांढरी रेघ उमटत जाते, तिच्या टोकाशी हा बसलेला असतो. तिथली उंची ३५,००० फूट धरा. एव्हरेस्टच्याही जवळजवळ दोन किलोमीटर वर. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या चौथ्या हिश्शाएवढाच उरतो आणि थंडी उणे ५४ अंशांच्या आसपास असते. केबिनमधला दाब अचानक गेला, तर माणसाच्या हाती शुद्धीचे ३० ते ६० सेकंद असतात. त्यापुढे डोळे उघडे असले तरी बुद्धी घरी नसते.

म्हणून याच्या घाईला अर्थ आहे. एका हातानं, ५ सेकंदांच्या आत तोंडावर चढता आलं पाहिजे, ही याच्यासाठी नियमानंच घातलेली अट. दोन बोटांनी लाल चिमटे दाबून ओढलं, की त्याचे रबरी पट्टे ऑक्सिजननं फुगून डोक्यापेक्षा मोठे होतात. डोक्यावरून घातला आणि चिमटे सोडले, की पट्टे आवळतात आणि तो कवटीला असा घट्ट धरतो की चष्मा, केस, हेडफोन, कशाचीही भीड ठेवत नाही. नव्या वैमानिकाला पहिल्यांदा तो गुदमरवणाराच वाटतो.

बोलण्याची त्याची एक खोड आहे. त्याच्या आतच माइक असतो. वैमानिकानं आवाज मास्कवर घेतला, की शब्दांच्या आधी श्वास ऐकू येतो: आत ओढलेला, बाहेर सोडलेला, पुन्हा आत. दोघांनी मास्क लावले असतील तर कॉकपिटभर फुसफुस चालू राहते आणि त्या फुसफुशीतूनच एकमेकांचं ऐकायचं असतं. धूर झाला, तर त्याची कळ आणीबाणीवर फिरवतात. मग तो मागितल्याची वाट न पाहता ऑक्सिजन जोरानं आत लोटतो, म्हणजे धुराला शिरायला फट राहत नाही. हा त्याचा सर्वांत चांगला गुण. रागावला की जास्त कामाचा होतो.

स्वच्छतेचं वेड म्हणाल तर विचारूच नका. तेल, ग्रीस, व्हॅसलिन, मलम, यांतलं काहीही त्याला खपत नाही. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि वंगण एकत्र आलं, की ठिणगीचीही वाट न पाहता पेट घेऊ शकतं. हे समजून घ्यायला विमानतळावर जायची गरज नाही. आपल्याकडे ट्रॉलीच्या दुरुस्तीच्या दुकानात गॅस कटिंगचा काळा सिलिंडर उभा असतो. त्याच्या नटाला हात लावायला जा, वेल्डर लगेच ओरडेल, "याले तेलाचा हात नोको लावू, भाऊ!" विमानाखाली उभा असलेला मेंटेनन्स इंजिनिअर आपल्या मदतनिसाला हेच सांगतो, फक्त भाषा जरा शहरी असते. हातमोजे स्वच्छ, पाना स्वच्छ, गळती शोधायचं साबणासारखं पाणीसुद्धा ऑक्सिजनला चालणारं, खास वेगळं.

खाण्यापिण्यातही नखरे आहेत. विमानाच्या ऑक्सिजनची शुद्धता किमान ९९.५ टक्के लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कोरडा लागतो. ओलावा राहिला, तर वरच्या थंडीत नळीत किंवा झडपेत बर्फ धरू शकतो. ज्या बाटलीतून हे येतं ती विमानाच्या पोटात, हिरव्या रंगात. काही जातींच्या हलक्या पोलादी बाटल्यांना दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाची परीक्षा द्यावी लागते आणि २४ वर्षांनी सक्तीची निवृत्ती असते. पेन्शन नाही, मुदतवाढ तर नाहीच.

आता त्याच्या लहरीपणाकडे येतो, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात.

भरलेल्या बाटलीचा दाब २१ अंश तापमानाला १,८५० पीएसआय असतो. मोटारीच्या चाकात ३०-३२ असतो, त्यावरून अंदाज करा. पण हा आकडा तो ऋतू पाहून सांगतो. मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीशेजारी ४५ अंशांत उभ्या राहिलेल्या विमानात तीच बाटली २,०००च्या घरात दाखवते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत १,७८०च्या आसपास उतरते. आत ऑक्सिजन तेवढाच आहे. आणखी एक खोड म्हणजे घाईघाईनं भरला, तर दाबल्यामुळे वायू तापतो, काटा भरल्याचं दाखवतो, आणि बाटली निवली की काटा मागे येतो. म्हणून अनुभवी माणूस त्याला सावकाश भरतो. रात्रपाळीच्या इंजिनिअरनं १,८५० पाहून सही केलेली असते आणि पहाटेचा कॅप्टन १,७०० पाहतो.

"साहेब, गळती आहे."

"गळती नाही सर, गारठा आहे."

दोघंही शहाणे आहेत, दोघंही बरोबर असू शकतात. पण गारठ्यानं उतरलेला काटा आणि गळतीनं उतरलेला काटा दिसायला एकसारखे असतात. तापमानाचा तक्ता उघडून बघितल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि तक्ता उघडायला जी तीन मिनिटं लागतात, ती भांडणात केव्हाच खर्च झालेली असतात. मला इंजिनिअरची बाजू समजते. त्याच्या डोक्यावर विमान वेळेत सोडायचा ताण असतो, आणि रोज कोणी ना कोणी कशाबद्दल तरी कुरकुरत असतं. तरीही गळतीची शंका कॅप्टननं काढली, तर ती थंडीवर ढकलण्याआधी आकडा मांडून दाखवायची जबाबदारी इंजिनिअरचीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी कधी काटा तोच असतो आणि माणसं बदलतात. दोन वैमानिकांपुरता दाब आहे, तक्त्यात बसतो, सही झाली. तेवढ्यात मागच्या घडीच्या खुर्चीवर तपासणीसाठी तिसरा येऊन बसतो. आता किमान दाब वाढला. कालपर्यंत पुरेसा असणारा आज अपुरा ठरतो.

आणि मग त्याचं खोटं बोलणं. हे मात्र लाडानं घेण्यासारखं नाही. दुरुस्तीसाठी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि नंतर नीट उघडायचा राहिला, असं होऊ शकतं. नळीत जुना दाब अडकून राहिलेला असतो. वैमानिक खोक्यावरची चाचणीची कळ दाबतो, खिडकीत पिवळी फुली चमकते, फुस्स आवाज येतो. सगळं ठीक! एवढ्यावर हात काढून घेतला, तर मास्कनं फसवलं. कळ थोडी जास्त वेळ दाबून ठेवली आणि डोळा काट्यावर ठेवला, तर काटा भराभर खाली जातो, किंवा खाली जाऊन हळूहळू वर सरकतो. बोइंग ७३७च्या कार्यपद्धतीत हे लिहूनच ठेवलंय: चाचणीत दाब १०० पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये. म्हणजे हा खोटं बोलतो, पण दोन प्रश्न जास्त विचारले की कबूल होतो.

एक गोष्ट मात्र तो कधीच लपवत नाही. बाटलीत दाब प्रमाणाबाहेर चढला, तर तो वायू विमानाबाहेर सोडून देतो आणि जाताना विमानाच्या अंगावरची एक हिरवी चकती उडवून लावतो. म्हणून विमानाभोवती फेरी मारणारा वैमानिक पुढच्या भागाशी थांबून ती टिकली जागेवर आहे का बघतो. टिकली गेली, की वाद संपला. बाटली रिकामी, विमान जमिनीवर.

त्याचा सगळ्यात दुखरा प्रसंग १४ ऑगस्ट २००५चा. हेलिऑस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. आदल्या रात्री केबिन कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराची तक्रार नोंदवली होती. इंजिनिअरनं दाब भरून गळती तपासली, दार ठीक निघालं. पण तपासणीसाठी हातचालित केलेला दाबाचा स्विच परत स्वयंचलितवर यायचा राहिला. सकाळी वैमानिकांच्याही नजरेतून तो सुटला. चढताना भोंगा वाजला, त्यांना तो दुसऱ्याच इशाऱ्याचा वाटला. कॅप्टन रेडिओवरून जमिनीवरच्या इंजिनिअरशी यंत्रं थंड ठेवणाऱ्या प्रणालीबद्दल बोलत राहिला. इंजिनिअरनं विचारलं, दाबाचा स्विच स्वयंचलितवर आहे ना? उत्तराऐवजी कॅप्टननं थंडाव्याच्या सर्किट ब्रेकरची जागा विचारली. त्याची बुद्धी तोवर विरळ हवेनं हिरावून घेतली होती. ऑक्सिजन कमी पडल्याचं दुखत नाही, घाबरवत नाही. उलट सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. कोपराशी मास्क होता. दोघा वैमानिकांपैकी कोणी ओढला नाही. १२१ माणसं गेली.

मुंबईनंही हा धडा पाहिलाय, सुदैवानं जीव न गमावता. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७मध्ये इंजिनातली हवा केबिनकडे वळवणारे ब्लीड स्विच लावायचे राहिले. १६६ प्रवासी होते. छतातून पिवळे कप लोंबले, तिसेक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं.

या घराण्याचं देखभालवाल्यांशी वैर किती जुनं आणि किती महाग आहे, ते ११ मे १९९६ला फ्लोरिडात दिसलं. प्रवाशांच्या कपांना ऑक्सिजन पुरवणारे रासायनिक डबे मुदत संपली म्हणून एका देखभाल कंपनीनं विमानांतून काढले. त्यांच्यावर सुरक्षा टोप्या बसवल्या नाहीत, कागदावर ‘रिकामे’ लिहिलं आणि व्हॅल्यूजेटच्या विमानात माल म्हणून चढवले. डबे रिकामे नव्हते. ११० जण मेले. कागदावरच्या एका खोट्या शब्दाची किंमत मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसलेली नाही.

आणि तरी याच्यावर जीव जडतो, तो २४ जून १९८२च्या रात्रीमुळे. ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून ऑकलंडला जाणारं जंबो मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत पुढे निघालं होतं. जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. दाब उतरू लागला, तसा सहवैमानिक रॉजर ग्रीव्हजनं मास्क ओढला, तर नळी एकीकडे आणि मास्क दुसरीकडे! कॅप्टन एरिक मूडीपुढे पेच होता. इंजिनाशिवाय तरंगताना उंची म्हणजेच पुंजी. पण सहकाऱ्याला श्वास नव्हता. त्यानं उंची सोडली आणि विमान झपाट्यानं खाली, दाट हवेत नेलं. पुढे इंजिनं सुरू झाली आणि विमानातले २६३ जण जकार्त्याला सुखरूप उतरले. जो मास्क वेळेला मोडला, त्याच्या जागी एका माणसानं दुसऱ्याला असं वाचवलं.

मास्कचं चरित्र लिहिलं जातं ते टेक लॉग नावाच्या वहीत. एका रकान्यात वैमानिक स्नॅग लिहितो, दुसऱ्यात इंजिनिअर उत्तर देऊन सही करतो. डावीकडे ‘मास्कला वास येतो’, उजवीकडे ‘पाहिलं, ठीक आहे’. डावीकडे ‘दाब कमी’, उजवीकडे ‘पाहिलं, ठीक आहे’. ही वही वाचताना मला दोन्ही हातांचा राग येतो. किती दाब, किती वाजता, किती तापमानाला, हे वैमानिकानं का लिहू नये? आणि काय पाहिलं, व्हॉल्व्ह उघडून पाहिला की नाही, काटा किती पडला, हे इंजिनिअरनं का लिहू नये? त्याहून वाईट ती तक्रार, जी वहीत येतच नाही. शेवटचं उड्डाण संपवून घरी निघालेला कॅप्टन जिन्यावर तोंडी सांगून जातो, इंजिनिअर मान हलवतो, आणि सकाळच्या वैमानिकापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. त्यापेक्षा कागदावर भांडलेलं पुष्कळ बरं.

भांडणाची एक रीत मला पसंत आहे. इंजिनिअर खाली जाऊन व्हॉल्व्ह हातानं पूर्ण उघडा असल्याची खात्री करतो, वैमानिक वर काट्यावर डोळा ठेवून चाचणीची कळ दाबून धरतो, आणि दोघं जे आकडे बघतात ते त्याच पानावर, एकाखाली एक लिहितात. विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं तर सुटू दे. घोषणा करायला माणसं आहेत.